पाच दिवस, एक पिशवी

आपल्या शाळेत कुणालाही मध्यरात्री उठवून विचारलं तरी किट लिस्ट धडाधड सांगता येते. पांढरे शर्ट किती, मोज्यांचे जोड किती, ब्लँकेट किती, बूट पॉलिशची डबी आणि ब्रश कुठे ठेवायचा, सगळं पाठ. मी सहावीत आलो तेव्हा काळी लोखंडी ट्रंक माझ्यापेक्षा जड होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि कॅडेट नंबर लिहिला, यादीतली एकेक वस्तू आत बसवली आणि झाकणावर बसून कडी लावली. यादीत आहे ते सगळं न्यायचं, यादीत नाही ते न्यायचं नाही. डोकं चालवायला तिथे जागाच नाही.

पण यादी कुणी दिलीच नाही तर? गेल्या हिवाळी सुट्टीत आम्हाला पाच दिवस जहाजावर जायचं होतं. प्रत्येकानं एकच पिशवी घ्यायची आणि तीही खांद्याला लावता येईल एवढीच, असं ठरलं. आत काय भरायचं ते मात्र ज्याचं त्यानं पाहायचं. त्यावरून आमच्या घरात चार दिवस वाद चालला. तो वाद आणि त्याचं पुढे काय झालं, ते या पानावर लिहितो आहे. वर्षातून एकदाच मराठीत लिहायला मिळतं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

माझे बाबा नौदलात आहेत. सध्या त्यांचं पोस्टिंग कोचीला आहे. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आजी गावीच असते, पण थंडीत गुडघे फार दुखतात म्हणून बाबांनी तिला दोन महिन्यांसाठी कोचीला आणलं होतं. मी शाळेतून कालका, दिल्ली असे गाडी बदलत तिसऱ्या दिवशी घरी पोचलो, तेव्हा बाबांनी लक्षद्वीपच्या सहलीची तिकिटं आणि प्रवेश परवाने टेबलावर मांडूनच ठेवले होते. लक्षद्वीपला जायला आपल्यालाही परवाना लागतो, हे मला तेव्हा कळलं.

लक्षद्वीप म्हणजे अरबी समुद्रातली प्रवाळाची बेटं. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती भरते फक्त ३२ चौरस किलोमीटर. माणसं राहतात ती बेटं दहा. तिथल्या प्रशासनाची ‘समुद्रम’ नावाची सहल आहे. जहाज साधारण रात्री चालतं आणि दिवसा एकेका बेटापाशी थांबतं. सकाळी प्रवासी बेटावर उतरतात, संध्याकाळी परत येतात आणि झोपतात जहाजावरच. कल्पेनी, मिनिकॉय आणि कवरत्ती अशी तीन बेटं बघायची होती. आमचं जहाज होतं ‘एम. व्ही. कवरत्ती’, ७०० प्रवाशांचं.

एकच पिशवी का, याची बाबांनी दोन कारणं सांगितली. केबिनमध्ये चार बंक, दोन खाली, दोन वर. मधे एका माणसानं उभं राहावं एवढी जागा. तिथे मोठी सुटकेस ठेवली तर माणसांनी बाहेर उभं राहायचं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. या बेटांभोवती प्रवाळाची भिंत असते आणि भिंतीच्या आत उथळ पाणी. त्या उथळ पाण्यात मोठं जहाज शिरू शकत नाही. ते बाहेर खोल समुद्रात उभं राहतं, बेटावरून छोट्या बोटी येतात आणि जहाजाच्या बाजूच्या दारातून प्रवाशांनी त्या बोटीत उतरायचं असतं. बोट एका जागी राहत नाही. लाटेबरोबर वर येते, खाली जाते.

बाबा म्हणाले, “ज्याच्या हातात सामान आहे, त्याला उतरवायला दोन माणसं लागतात. ज्याचे हात मोकळे आहेत, तो स्वतः उतरतो आणि मागच्यालाही हात देतो.”

बाबांना अशी सवय आहे. युद्धनौकेवर त्यांच्या वाट्याला एक बंक आणि एक लॉकर येतो. त्या लॉकरएवढं घर घेऊन ते महिना महिना समुद्रावर राहतात. त्यांनी आम्हाला तीन नियम घालून दिले. पहिला नियम : पिशवी भरायची, खांद्याला लावायची आणि क्वार्टरचे तीन जिने उतरून परत चढून यायचं. धाप लागली तर काहीतरी काढायचं. दुसरा नियम : जी वस्तू हातात घेतल्यावर ‘लागली तर?’ असं तोंडातून निघतं, ती बाजूला ठेवायची आणि रात्री परत विचार करायचा. तिसरा नियम : एक वस्तू चौघांना पुरत असेल तर ती चौघांनी आणायची नाही. टूथपेस्ट एक, साबण एक, टॉर्च एक, चार्जर एक, औषधांची पिशवी एक. कोण काय घेणार ते वाटून घ्यायचं.

आईला हे अजिबात पटलं नाही. तिनं लाल सुटकेस आधीच पलंगावर उघडून ठेवली होती. तिच्यात दोन स्वेटर, इस्त्री, चिवड्याचा डबा, लाडवांचा डबा, चादरी, चार जादा टॉवेल आणि छत्री. बाबा हसले, तेव्हा ती म्हणाली, “तुमचं ठीक आहे. जहाजावर तुम्हाला सगळं हातात मिळतं. घर मी हलवते.”

ती खोटं बोलत नव्हती. लग्नाला सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत आमची सात घरं झाली. विशाखापट्टणम, मुंबई, पोर्ट ब्लेअर, परत मुंबई. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. प्रत्येक बदलीला आई लाकडी आणि पत्र्याच्या पेट्यांवर नंबर घालते आणि वहीत लिहून ठेवते : एकूण नग एकेचाळीस. ट्रक आला की वही घेऊन दारात उभी राहून मोजते. एका बदलीत एकेचाळीसचे चाळीसच आले. न आलेल्या खोक्यात माझे पहिलीपर्यंतचे सगळे फोटो होते. त्या दिवसापासून मागे काही ठेवायचं म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. तिला ओझं आवडतं म्हणून ती सामान भरत नाही. जे मागे राहतं ते परत मिळत नाही, असा तिचा अनुभव आहे.

मग बोलली आजी. ती इतका वेळ खाली बसून लसूण सोलत होती. म्हणाली, “आरं, पंढरीला जाताना कुणी पेटारा घिऊन जातंय व्हय?”

आजीनं आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी अकरा वेळा केली आहे. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. दिंडीचा ट्रक असतो, त्यात तंबू आणि स्वयंपाकाची भांडी जातात. पण दिवसभर लागणारं सगळं ज्याचं त्याच्या खांद्यावर. तिनं आत जाऊन आपली कापडी पिशवी आणली आणि आमच्यासमोर भरली. अंगावर एक लुगडं, पिशवीत एक. रोज एक धुवायचं, एक नेसायचं. एक पंचा, एक स्टीलचा पेला, गुडघ्याचं तेल, गोळ्या, फणी आणि कुंकवाची डबी. पाच मिनिटांत काम झालं. आईनं विचारलं, “आत्या, गार वाऱ्यात पांघरायला काय घेणार?” आजीनं दुसरं लुगडं वर करून दाखवलं. नऊवार लुगडं म्हणजे जवळजवळ आठ मीटर कापड. ते पांघरता येतं, अंथरता येतं, ऊन आलं तर बांधून सावली करता येते. बाबा म्हणाले, “नौदलानं हिला किट लिस्ट करायला बोलवायला हवं.”

मग आजीनं पिशवीत टाळ टाकले. पितळेचे, दोरीनं बांधलेले, हातात घेतले की वजन कळतं. आता आईला संधी मिळाली. “माझी इस्त्री नको आणि हे चालतं का?”

इथे मला शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकानं मदत केली. अर्नेस्ट शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेवरचं ते पुस्तक मी दोनदा वाचलं आहे. १९१५ साली त्याचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकलं आणि बर्फाच्या दाबानं मोडायला लागलं. जहाज सोडून बर्फावरून चालत जायचं होतं. शॅकल्टननं हुकूम दिला की प्रत्येकानं खासगी सामान फक्त दोन पौंड घ्यायचं, म्हणजे एक किलोसुद्धा नाही. आणि स्वतः सगळ्यांसमोर आपली सोन्याची नाणी बर्फात टाकून दिली. पण त्याच्याबरोबर हसी नावाचा हवामानतज्ज्ञ होता. त्याच्याकडे एक बँजो होता. तो भरायचा बारा पौंड, जवळजवळ साडेपाच किलो. तो मात्र शॅकल्टननं बरोबर घ्यायला लावला, कारण पुढच्या अंधाऱ्या महिन्यांत माणसांची मनं जागेवर ठेवायला त्याची गरज पडणार होती. सोनं बर्फात राहिलं आणि बँजो बरोबर गेला. त्या जहाजावरचे सगळे अठ्ठावीस जण जिवंत परत आले.

ही गोष्ट मी आईला सांगितली. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरं, मग प्रत्येकाला एक बँजो.” हा चौथा नियम आईचा. आम्हाला तो लगेच मान्य झाला. आजीचा बँजो टाळ. आईचा बँजो लाडवांचा डबा. बाबांनी जुनी दुर्बीण घेतली. मी घेतली एक कोरी वही. ती मी भरली आणि हा लेख तिच्यातूनच लिहिला आहे.

माझी बाकीची यादी ज्युनिअर कॅडेटसाठी देतो, उपयोग होईल. लवकर वाळणारे तीन टी-शर्ट, एक फुल पँट, एक हाफ पँट, आतले कपडे तीन जोड, आजीकडून मिळालेला एक पंचा, मागे पट्टा असलेल्या सँडल, टोपी, पाण्याची बाटली, दात घासायचा ब्रश. ओळखपत्र आणि परवाना प्लास्टिकच्या पाकिटात, पिशवीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. टॉवेलऐवजी पंचा घेतला हे उत्तम झालं. समुद्रावरच्या दमट हवेत टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. पंचा तासाभरात वाळतो. कपडे घड्या घालून न ठेवता आपण बेडिंग गुंडाळतो तसे घट्ट गुंडाळले. काट्याला लावल्यावर आजीची पिशवी चार किलो, बाबांची पाच, माझी साडेपाच आणि आईची साडेसात भरली. आईच्या साडेसातमधले दोन लाडवांचे होते. इस्त्री घरी राहिली, पण सुई-दोऱ्याची डबी तिनं कुणाला न विचारता घेतली.

कोचीच्या विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. सहलीला आलेल्या माणसांकडे एकेक, दोन-दोन बॅगा. पण त्याच जहाजानं घरी परतणारी बेटावरची माणसंही होती, आणि त्यांच्याभोवती खोक्यांचे डोंगर होते. तांदळाच्या गोण्या, भाज्यांच्या टोपल्या, पंखा, गादी, प्रेशर कुकर, शाळेची दप्तरं, दोरीनं बांधलेला एक छोटा फ्रीजसुद्धा. मला वाटलं, यांना सामान कसं भरायचं ते कुणी शिकवलं नाही वाटतं. तेव्हा मी काही बोललो नाही, नुसता विचार केला.

पहिल्या रात्री समुद्र थोडा उसळलेला होता. जहाज झोके घ्यायला लागलं आणि आईला मळमळायला लागलं. बाबा तिला डेकवर हवेत घेऊन गेले. केबिनमध्ये मी आणि आजी. आजीनं टाळ काढले, पण वाजवले नाहीत. शेजारच्या केबिनमधली माणसं झोपली होती. दोन टाळ एकमेकांना फक्त टेकवत, आवाज जेमतेम ऐकू येईल असा, ती हरिपाठ म्हणत राहिली. थोड्या वेळानं आई परत आली आणि आजीच्या शेजारी, खालच्या बंकवर, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. टाळ पिशवीत का हवेत, हे परत कुणी विचारलं नाही.

सकाळी कल्पेनी बेट दिसलं. पाण्याला असा रंग असतो हे मला माहीत नव्हतं. जहाजाजवळ गडद निळा, पुढे हिरवट, आणि बेटाजवळ अगदी फिका, खालची पांढरी वाळू दाखवणारा. बोटी आल्या. बाजूचं दार उघडलं. दारातून खाली पाहिल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. बोट दाराच्या पातळीला येत होती आणि पुढच्याच क्षणी तीन-चार फूट खाली जात होती. प्रत्येकाला लाइफ जॅकेट घातलं होतं. दारात दोन खलाशी आणि बोटीत दोन. ते ओरडून सांगत होते, “दोनों हाथ खाली रखो!”

आई म्हणाली, “आत्या, तुम्ही जहाजावरच थांबा. गुडघा आहे. मी थांबते तुमच्याबरोबर.” खलाशानंही आजीकडे पाहून बाबांना विचारलं, “अम्मा उतर पाएंगी?” बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आजीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन करायला हवं असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. घसरली असती तर पुढचं काय, हा विचार आमच्या तिघांच्याही मनात होता.

आजीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला. पिशवी केबिनमध्येच होती, हातात काही नव्हतं. ती म्हणाली, “चंद्रभागंत नावंत बसतोच की.” बाबा आधी उतरले आणि खालून हात वर केले. मी तिच्या मागे, दाराच्या चौकटीला एका हातानं धरून, दुसरा हात तिच्या दंडाला. खलाशी लाटा मोजत होता. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीला बोट वर आली तसा तो म्हणाला, “अभी!” आजीनं पाऊल टाकलं. क्षणभर तिचं सगळं वजन माझ्या हातात आलं आणि पुढच्या क्षणी ते बाबांच्या हातात गेलं. ती बोटीत बसली, पदर सारखा केला आणि आईकडे बघून म्हणाली, “ये आता.”

त्या क्षणी माझ्या हातात नुसती पाण्याची बाटली असती तरी मला तिचा दंड तसा धरता आला नसता. बाबांच्या नियमांचा अर्थ मला पलंगावर पिशवी भरताना कळला नव्हता. तिथे कळला.

आमच्या नंतर त्याच बोटीत बेटावरचं एक कुटुंब उतरणार होतं. नवरा, बायको आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. मुलाच्या पायाला प्लास्टर होतं. त्याच्या उपचारांसाठी ते महिनाभर कोचीला राहिले होते. मुलाला खलाशानं अलगद खाली दिलं आणि तो थेट आजीच्या मांडीवर आला. मग त्यांचं सामान. नऊ नग. आईनं मोजले, तिची सवयच आहे. खलाशी वरून देत होते, बाबांनी आणि मी साखळी केली आणि एकेक खोकं घेऊन बोटीत रचलं. शेवटचं खोकं इतकं जड होतं की बाबांनी हसत विचारलं, यात काय दगड आहेत का? त्या काकांनी सांगितलं, कांदे-बटाटे आहेत, मुलाची पुस्तकं आहेत आणि शेजाऱ्यांनी मागवलेला मिक्सर आहे. आमच्या पाठीवरच्या एका छोट्या पिशवीकडे पाहून ते म्हणाले, “आप घूमने जा रहे हैं, इसलिए एक थैली. हम तो घर जा रहे हैं.”

ते सहज बोलले होते, टोमणा नव्हता. पण मी दिवसभर त्या वाक्याचा विचार करत होतो. कल्पेनीवर नारळ भरपूर, मासे भरपूर. पण तांदूळ, भाजी, गॅस, सिमेंट, औषधं, वह्या, सगळं समुद्रावरून येतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की येणंजाणं आणखी कठीण होतं. आम्ही पाच दिवसांनी कोचीला परतणार होतो. तिथे आमचा फ्रीज होता, आमची इस्त्री होती, कोपऱ्यावर दुकान होतं. आमची पिशवी हलकी होती, कारण बाकीचं सगळं आमच्यासाठी दुसरीकडे ठेवलेलं होतं. त्यांचं ‘दुसरीकडे’ त्या खोक्यांतच होतं. धक्क्यावर मी त्यांच्याबद्दल जो विचार केला होता, तो तिथेच गळून पडला.

आईला हे वाक्य सगळ्यात आधी कळलं असावं. बोटीत तिनं लाडवांचा डबा उघडला आणि मुलाच्या हातात दोन लाडू दिले. मग त्याच्या आईशी तिचं काय बोलणं झालं देव जाणे. तिला मल्याळम थोडंसंच येतं आणि त्या काकूंना हिंदी थोडंसंच. पण दोघी बराच वेळ खोक्यांकडे बोट दाखवून बोलत होत्या. घर हलवणाऱ्या दोन बायकांना भाषा फार लागत नाही.

पुढचे दोन दिवस भराभर गेले. मिनिकॉय बेट बाकीच्या बेटांपासून दूर, दक्षिणेला आहे. तिथली भाषाही वेगळी. तिला महल म्हणतात आणि ती मालदीवच्या भाषेच्या जवळची आहे. तिथलं दीपगृह १८८५ सालचं आहे. तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर नोकरी करत आले आहेत. मार्च २०२४ मध्ये तिथे नौदलाचा ‘आय.एन.एस. जटायू’ हा तळ सुरू झाला. बाबा दुर्बीण डोळ्यांना लावून त्या दिशेला बराच वेळ पाहत होते. कवरत्तीला मी पाण्याखाली तोंड घालून प्रवाळ पाहिले. तिथे प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणणं गुन्हा आहे. त्यामुळे परत येताना पिशवी जड झाली नाही. उलट लाडू संपल्यानं आईची पिशवी दोन किलोनं हलकी झाली. चौथ्या दिवशी बाबांच्या पिशवीचा पट्टा उसवला. आईनं काही न बोलता सुई-दोऱ्याची डबी काढली आणि पाच मिनिटांत तो शिवला. ती काहीच बोलली नाही, हे बाबांना जास्त लागलं असावं.

शाळेत परत आल्यावर इतिहासाच्या तासाला पानिपतचा धडा आला. सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर १७६० मध्ये यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी, नोकरचाकर असा मोठा लवाजमा उत्तरेला गेला. त्यांना बुणगे म्हणत. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली तेव्हा ती सगळी माणसं उपाशी फौजेच्या पाठीशी होती. आम्ही नेहमी असं उत्तर लिहितो की बुणग्यांमुळे फौजेचा वेग गेला. शिवाजी महाराजांच्या फौजेत असा लवाजमा नसे, म्हणून ती वाऱ्यासारखी फिरे. दोन्ही बरोबरच आहे. परीक्षेत मीही तेच लिहीन. पण या वेळी मला त्या बुणग्यांच्या डोक्यावरची गाठोडी दिसली. काशी, मथुरा बघायला मिळेल म्हणून निघालेल्या कुणाच्या तरी आजीचं गाठोडं त्यात असणार. हलकं असणं चांगलंच, पण ज्याच्या डोक्यावर ओझं आहे त्याला हसू नये. त्याला ते का घ्यावं लागलं, हे आधी विचारावं.

आपण सगळे उद्या सैन्यात जायची स्वप्नं बघतो. सेक्शनमध्ये एकाकडे मशीनगन असते, एकाकडे रेडिओ, एकाकडे प्रथमोपचाराचं सामान. ते कुणाचंही स्वतःचं नसतं, सगळ्यांचं असतं. स्वतःचं सामान कमी केलं तरच ते घ्यायला पाठीवर जागा राहते. वारीतही वीणा एकाच्या गळ्यात कायम नसतो, आळीपाळीनं घेतात, असं आजी सांगते. स्वतःची पिशवी हलकी करायची ती मागच्याला हात देता यावा म्हणून, एवढंच मी त्या पाच दिवसांत शिकलो.

पुढच्या महिन्यात आपला ट्रेक आहे. पिट्ठू भरताना ‘लागलं तर?’ म्हणून तिसरी जर्सी कोंबण्याआधी जरा थांबा. प्रत्येकानं आपला एक बँजो खुशाल घ्यावा. पण थोडी जागा रिकामी ठेवा, कारण दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि भाताचं मोठं पातेलं कुणाला तरी घ्यावंच लागतं. पातेलं या वेळी मी घेणार आहे. दोर कोण घेणार, ते सांगा.